घराक एक सही

“सही करा, दोन मिनिटांचं काम आहे,” असा मेसेज आला की मी फोन पालथा ठेवते आणि वाटण वाटायला जाते. नदी वाचवा, जंगल वाचवा, कुठलीशी शाळा वाचवा. वाचवा बाबांनो, मी कधी नको म्हटलं? पण दोन मिनिटं म्हणू नका. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी हे काम केलेलं आहे, आणि ज्या काळात केलं तेव्हा या कामाला काय म्हणतात तेसुद्धा आमच्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

आमचं गाव मालवणहून आचऱ्याला जाताना डाव्या हाताला लागतं. रस्त्यावर तिठा, तिठ्यावर एसटीचा थांबा आणि थांब्याला लागून माझं फोनचं बूथ. लग्न होऊन मी या घरात आले ती अठ्ठ्याण्णव साली. माहेर आचऱ्याचं, तेही मासेमारांचंच घर, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याचं मला कौतुक नव्हतं. बारावी झालेली सून म्हणून बूथवर मला बसवलं. मुंबईहून येणारे फोन घ्यायचे, वाडीत निरोप धाडायचे, बोलणाऱ्यांची भांडणं ऐकून न ऐकल्यासारखं करायचं. पुढे माझ्या धाकट्या दिराला दुबईत नोकरी लागली. त्याने एक कॉम्प्युटर घेऊन दिला आणि पाटीवर ‘इंटरनेट’ असं रंगवून घेतलं. हे इंटरनेट होतं फोनच्याच तारेवरचं. ते लावलं की फोन बंद, फोन घेतला की ते बंद, आणि पाऊस लागला की दोन्ही बंद.

सासूला मी आये म्हणते. ती मासे विकते. सासरे मी यायच्या कितीतरी आधी गेले आणि दोन मुलगे तिने वाळूवर बसून वाढवले. किनाऱ्याच्या टोकाला उंडीचं एक झाड आहे, त्याखाली तिची जागा. आमच्या वाडीची रापण त्या झाडासमोरच ओढायचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीने ते पाण्यात अर्धगोल टाकून यायचं आणि दोन्ही टोकांचे दोर वाडीतल्या पुरुषांनी वाळूवर उभं राहून ओढायचे. त्याला मोकळी, सलग, बिनदगडाची वाळू लागते. जाळं वर आलं की आये पाटी घेऊन पुढे. थोडी मासळी झाडाखालीच विकायची आणि बाकीची एसटीने कट्टा या गावच्या बाजारात न्यायची. तिथल्या शेतकरी घरांतल्या बायका तिची वाट बघत बसायच्या, कारण आये ताजा म्हणाली की बांगडा ताजाच असे. बर्फातल्या माशाला तिने कधी हात लावला नाही. “बर्फाचो मासो म्हंजे मड्याक पावडर,” म्हणायची.

रापणीचा एक जुना नियम होता: घराक एक वाटो. घरात दोर ओढणारे कितीही असोत, वाटा घराला एक. ज्या घरात ओढणारा कुणीच उरला नाही त्या घरालाही एक. आयेची चूल सासऱ्यांच्या मागे पेटत राहिली ती या नियमामुळे, आणि ती हे कधी विसरली नाही. जसा वाटा तसंच बोलणं. वाडीची बैठक बसली की घरातला एक पुरुष बोलणार. देवळात गाऱ्हाणं घालायचं तर तेही एकाच तोंडाने. आमच्या वाडीत ते तोंड तांडेलकाकांचं. काका माझे चुलतसासरे आणि रापणीचे पुढारी. त्यांनी देवाला एकेक गोष्ट मोठ्याने सांगायची आणि बाकीच्यांनी मागून “व्हय म्हाराजा” म्हणायचं. सगळ्या वाडीचं म्हणणं त्या एका तोंडातून देवापर्यंत पोचतं याविषयी कुणाच्या मनात कधी शंका आली नाही. माझ्याही नाही.

मग धक्क्याचं निघालं. आधी पँटशर्टातली माणसं यंत्रं घेऊन आली, वाळूत काठ्या रोवल्या, काठ्यांना लाल चिंध्या बांधल्या. मग ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला की खनिज बोटीत चढवण्यासाठी इथे धक्का बांधायचा आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावी, पुढे जनसुनावणी होईल. धक्क्याची जागा बरोबर उंडीच्या झाडासमोर. धक्का म्हटला की पाण्यात दगड पडणार, दगड पडले की रापण फाटणार, आणि रापण नाही तर झाडाखाली आयेने बसून करायचं काय? एवढी सरळ गोष्ट होती. ती समजून घ्यायला कुणाला अहवाल लागत नव्हता.

काकांनी देवळात गाऱ्हाणं घातलं. तालुक्याला जाऊन निवेदन दिलं, पोच घेतली, ती पोच प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात बाळगली. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आम्हाला नवीन नव्हतं. तेवढ्यात दुबईहून दिराचा फोन आला.

“वयनी, कागदाचे दिवस गेले आता. मी इंटरनेटार पिटिशन केलंय. सगळा जग सय करतला. सरकाराक बघूकच व्हया.”

उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातं, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तो मनापासून बोलत होता, आणि पान उघडून बघितलं तर त्याने लिहिलंही चांगलं होतं. इंग्रजीत होतं सगळं. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. आमची वाळू, आमची रापण, सगळं त्यात होतं. परदेशात बसून त्याला घर इतकं आठवतं, हे वाचून मला जरा भरून आलं. खोटं कशाला बोलू?

तर हे दोन मिनिटांचं काम असं चालायचं. सही करायला आधी माणसाचा ईमेल हवा. वाडीत कुणाकडे होता ईमेल? मग तो मी काढून द्यायचा. त्यासाठी पासवर्ड हवा, तो ज्याने त्याने सांगायचा आणि दुसऱ्या क्षणी विसरायचा. मग त्या पानावर नाव भरायचं, राज्याच्या यादीत महाराष्ट्र नव्हता म्हणून ‘इतर’ निवडायचं, आणि ‘तुम्ही सही का करत आहात’ या चौकोनात काहीतरी लिहायचं. एवढं करून सही होत नसे. त्या नव्या ईमेलवर एक पत्र येणार, ते उघडून त्यातल्या निळ्या अक्षरांवर दाबलं तर सही खरी, नाहीतर केलेलं पाण्यात. मध्येच वीज जायची. मध्येच कुणाचातरी मुंबईहून फोन यायचा आणि पान अर्ध्यावर मरायचं. नमनालाच घडाभर तेल.

पहिले आले तांडेलकाका. धुतलेला शर्ट घालून आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि स्टुलावर बसले. त्यांची सही झाली. मी म्हटलं, “काका, आता काकीचा नाव. मगे तुमच्या सुनांचा.”

“तेंचा कित्याक?” काका म्हणाले. “मी केलंय मा. घराक एक.”

“नाय ओ काका, हयसर माणशी एक लागता.”

“आमच्यात माणशी कोण बोलता गो? रापणीचो वाटो घराक एक, बैठकीक माणूस घराक एक, तशी सय घराक एक. येका घरातसून चार जणांनी सय केली तर बाकीचे काय म्हणतले? ह्येंका चार वाटे व्हये?”

मी पुन्हा सांगून बघितलं. बायकांची नावं हवीत, मासे विकणाऱ्यांची तर हवीतच, असंही म्हटलं. काका शांतपणे म्हणाले, “गाऱ्हाण्यात काय येकेकाचा नाव घेतत? देवाक कळता मा?” आता देवाला कळतं यावर सुनेने काय बोलायचं? मी त्यांनी सांगितलं तसं केलं. वाडीतले पुरुष एकेक करून आले, आणि ज्यांचे मुलगे मुंबईला होते त्यांनी मुलाचं नाव घालायला सांगितलं, कारण घर आता त्याच्या नावावर आहे.

आये बूथच्या दारात पाटी घेऊन उभी राहायची. आत येत नसे. म्हणायची, “माजो वास लागात त्या मशनीक.” तिला मी स्पष्ट विचारलं, “आये, तुजा नाव घालू काय?”

“माजा कित्याक? झिलाचा घातलंस मा. झाला.”

“झील खंय मासे विकता?”

ती हसली. मी गंमत करत्येय असं वाटलं तिला. तिला समजवायला गेले तर म्हणाली, काका सांगतत ता बरोबर आसा, त्यांच्याच नियमान आमी जगलो. झालं, पालथ्या घड्यावर पाणी. तिच्या झिलाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, नाव आधीच पडलं होतं, घराची सही झाली होती.

बाहेरून मात्र सह्यांचा धडाका लागला. दिराने आपल्या मित्रांना कळवलं, मित्रांनी त्यांच्या मित्रांना. ठाणं, मस्कत, लंडन. पानावरचा आकडा रोज वाढायचा आणि काका रोज संध्याकाळी तो विचारायला यायचे. लोकांनी त्या चौकोनात काय काय लिहिलं होतं. एकाने लिहिलं, कोकण म्हणजे स्वर्ग. एकीने लिहिलं, लहानपणी एकदा आले होते, तिथल्या सुरमईची चव अजून जिभेवर आहे. मी हे मराठी करून सांगायची. काका मान डोलवायचे. “बरा आसा. जग आमच्या बाजून आसा,” म्हणायचे.

आये दारातूनच विचारायची, “हे सगळे कोण? आमचो मासो खातत ते?”

“खाल्लो आसतलो कधीतरी.”

“आणि ह्या सगळा खंय जाता?”

“सरकाराकडे,” मी सांगायची. मला तसंच वाटत होतं.

सुनावणी आसपासच्या गावांची मिळून शाळेच्या मैदानात मांडव घालून झाली. सुनावणी घेणारा साहेब चांगला माणूस होता, हाच खरा त्रास. उर्मट असता तर दोन शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. त्याने सगळ्यांना नमस्कार केला, पाणी मिळालं का विचारलं, आणि समोरची दोन बाडं पुढे ओढली. एक होतं आमच्या पिटिशनची छापील प्रत. दिराच्या मित्रांनी ती मुंबईहून पाठवली होती. काका पुढच्या रांगेत, बाकीचे पुरुष त्यांच्या मागे, आणि बायका अगदी शेवटी ताडपत्रीवर. मी आयेशेजारी बसले होते.

“तुमचं निवेदन मी पूर्ण वाचलंय,” साहेब म्हणाला. “सह्या भरपूर आहेत. पण बहुतेक बाहेरच्या. या वाडीतल्या सह्या मी वेगळ्या काढायला सांगितल्या. त्या मोजक्याच निघाल्या. आणि त्यांत एकही बाई नाही.”

मग त्याने दुसरं बाड उचललं. तो धक्का बांधणाऱ्यांचा अहवाल होता. “यात लिहिलंय की या किनाऱ्यावर महिलांचा कोणताही व्यवसाय चालत नाही. तुमच्याकडचे लोक मला तोंडी वेगळं सांगतात. पण हे खोडायचं तर मला आधार लागेल. तो मी तुमच्या निवेदनात शोधला. मिळाला नाही.”

काका उठले. साहेबासमोर ते पुस्तकातलं मराठी बोलायचे. “साहेब, मी सगळ्या वाडीच्या वतीने सांगतो आहे. बायकांच्याही वतीने.”

“हो काका. तुमची सही एक धरलीय.”

काका तसेच उभे राहिले. आयुष्यभर ते देवासमोर उभे राहून सगळ्यांचं सांगत आले होते आणि देवाने कधी असा हिशेब काढला नव्हता. मागून दोघा-तिघांनी सवयीने हळूच “व्हय” म्हटलं. साहेबाला ते ऐकू गेलं नसावं.

मला राहवेना. मी उठले. “साहेब, या माझ्या सासूबाई. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून त्या तिथे बसून मासे विकतात. व्यवसाय नाही म्हणजे काय? हे घर कशावर चाललं मग?”

“मग त्यांनाच बोलू दे ना,” साहेब म्हणाला. अगदी आदराने म्हणाला. कुणीतरी माईक मागे आणून आयेच्या हातात दिला.

कट्ट्याच्या बाजारात एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाच्या बाईला हाक मारणारी माझी सासू. मापावर कुणी बोट ठेवलं तर त्याच्या सात पिढ्या काढणारी. तिने माईक दोन्ही हातांनी धरला, काकांच्या पाठीकडे बघितलं, आणि म्हणाली, “काकांनी सांगितला ता.”

“तुमचं स्वतःचं काही?”

“ताच.”

आणि तिने माईक परत केला. साहेबाने खरंच वाट बघितली. मग कागदावर काहीतरी लिहून त्याने पुढच्या गावाचं नाव पुकारलं.

मला अस्सा राग आला. आयेचा आला, काकांचा आला, दुबईत बसून आकडे मोजणाऱ्या दिराचा आला. त्या साहेबाचा मात्र म्हणावा तितका येईना. ज्या नियमाने हिचं घर जगवलं त्याच नियमाने हिची जागा घालवली, आणि दोष द्यायला समोर कुणी धड माणूस नाही. घरी आल्यावर अंगणात पाय धुताना आये म्हणाली, “माज्या तोंडाक इतकी किंमत आसा, माका काय ठावक?”

पावसाळ्यानंतर ‘हरकतींचा विचार करण्यात आला आहे’ असं पत्र आलं आणि पत्रामागून डंपर आले. दगड पडले. काकांनी एकदा हट्टाने रापण टाकली. ती दगडात अडकून अशी फाटली की सांधायला बसलेले लोक अर्ध्यातून उठून गेले. जाळं काकांच्या मांगरात, सामानाच्या खोपटात, आढ्याला टांगलं गेलं ते गेलंच. धक्क्याचं म्हणाल तर तोही पुरा झाला नाही. थोडा पाण्यात गेला आणि थांबला. कुणी म्हणे परवानगी अडली, कुणी म्हणे पैसे संपले. एक बोट कधी लागली नाही तिथे. ना धक्का, ना वाळू. पोरं त्या दगडांवर बसून गळ टाकतात, तेवढाच उपयोग.

आये पहाटेच्या एसटीने मालवणला जाऊ लागली. तिथे लिलावात चार बायकांबरोबर मासळी घ्यायची आणि तिथूनच कट्ट्याला जायची. मासळी पोचेपर्यंत टिकायला हवी, म्हणून पाटीत बर्फ आला. जुन्या गिऱ्हाईक बायका विचारायच्या, “ताजो मा?” “घेवचो तर घे,” आये म्हणायची. हे मी एकदाच ऐकलं आणि त्यानंतर कट्ट्याला बाजाराच्या दिवशी जायचं मी टाळू लागले.

दोन हजार दहा उजाडेपर्यंत वाडीतल्या घराघरांत मोबाइल आले होते आणि बूथवर माशा मारायची वेळ आली. मी ते बंद करायचं ठरवलं. कॉम्प्युटरसाठी एक गिऱ्हाईकही बघून ठेवलं. एका पहाटे मी त्याच्यावरची धूळ पुसत बसले होते, तेवढ्यात आये आली. रोज दारात थांबणारी बाई त्या दिवशी सरळ आत आली, पाटी खाली ठेवली आणि काका बसले होते त्या स्टुलावर बसली.

“ता पान आसा अजून?”

मी शोधलं. होतं. ते कुणी बंदच केलं नव्हतं. दीर विसरला, मीही विसरले, आणि ते आपलं तिथेच राहिलं. वर आमच्या किनाऱ्याचा फोटो, त्यात दगडाचा मागमूस नाही.

“माजा नाव घाल.”

“आये, आता कित्याक? वरातीमागसून घोडा.”

“घाल म्हणतंय मा.”

ती असं म्हणाली की पुढे बोलायचं नसतं. मी तिचा ईमेल काढला. पासवर्ड विचारला तर तिने सासऱ्यांचं नाव माझ्या कानात सांगितलं. जन्मात पहिल्यांदा मी तिच्या तोंडून ते ऐकलं. तिचं स्वतःचं नाव मी रेशन कार्डावर वाचलेलं, पण एकेक अक्षर दाबून लिहिलं कधीच नव्हतं. राज्य, इतर. मग तो चौकोन आला.

“आये, सय कित्याक करतंस, असा इचारता.”

बाहेर थांब्यावर एसटीची वाट बघणाऱ्या बायका बोलत होत्या. आयेने तिकडे एकदा बघितलं, मग पडद्याकडे बघितलं.

“लिव, मी थयसर बसतंय.”

माझी बोटं थांबली. ती तिथे बसेनाशी होऊन किती पावसाळे गेले होते.

“लिव गो. मी थयसर बसतंय, मासे इकतंय. तसाच लिव.”

मी तसंच लिहिलं, इंग्रजी अक्षरांत, कारण त्या मशीनवर मराठी नव्हतं. नव्या ईमेलवर पत्र आलं. ते उघडून मी निळ्या अक्षरांवर बाण नेला आणि तिचं बोट बटणावर ठेवून दाबायला लावलं. पान पुन्हा उघडलं आणि आकडा एकाने वाढला. आयेने तो नीट बघितला.

“आता ता खंय जाता?”

पूर्वी मी या प्रश्नाला किती पटकन उत्तर द्यायची. “खंय जाणा नाय, आये,” मी म्हटलं. “हयसरच रवता.”

“रवांदे मगे,” ती म्हणाली, आणि मालवणची एसटी आली म्हणून तिने पाटी डोक्यावर घेतली.